विनापरवाना एन. ए.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात 'एन. ए.' ही दोन अक्षरे ज्याला ठाऊक नाहीत असा माणूस दिवसा कंदील घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. ज्यांना इंग्रजी मुळाक्षरे धड सव्वीस येत नाहीत त्यांनाही ही दोन येतात. आसनगाव स्टेशनातून बाहेर पडा नाहीतर कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागा, जागोजागी एक पाटी तुम्हाला बजावत असते की इथला प्लॉट एन. ए. आहे. एन. ए. म्हणजे बिनशेती. तेवढ्या एका शिक्क्यासाठी माणसांनी चपलांचे किती जोड झिजवले ते मला विचारा. कारण त्या चपला ज्या टेबलासमोर झिजत, त्या टेबलाच्या पलीकडे एकतीस वर्षे मीच बसलो होतो.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आमची भाची कॉम्प्युटरसमोरून ओरडली, "मामा, पाडे एन. ए. झाले!" तेव्हा माझ्यातला निवृत्त कारकून ताडकन उठून उभा राहिला. अर्ज नाही, चौकशी नाही, तलाठ्याचा अहवाल नाही, आणि भर मे महिन्यात पाडेच्या पाडे बिनशेती? कुणाच्या सहीने?

चष्मा लावून पाहिले. पडद्यावर खरोखरच एकाखाली एक एन. ए., एन. ए. अशी दिंडी चालली होती.

"अहो मामा, तो एन. ए. नव्हे. इथं एन. ए. म्हणजे 'नॉट अव्हेलेबल'. उपलब्ध नाही."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तो सोडायला नको होता हे मागाहून कळले. बिनशेती झालेली जमीन निदान जागेवर तरी असते. या दुसऱ्या एन. ए. मध्ये पाडाच हिशेबातून उठतो.

प्रकरण असे. भाची कॉलेजात शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाचा विषय तिने चांगला निवडला होता : शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाईला पाण्याची एक खेप करायला किती मिनिटे लागतात? तानसाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जाते. भातसाचेही जाते. ही दोन्ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात. आणि उन्हाळा तापला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे पाडेही ह्याच तालुक्यात. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, आमच्याकडे धरणाखाली कोरड असते.

हिशेबासाठी तिच्या सरांनी 'आर' नावाचा संख्याशास्त्राचा प्रोग्राम सांगितला होता. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी तो १९९० नंतरच्या वर्षांत रचला, आणि तो फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर सरांनी का सांगितला हे कळले. मला मात्र नाव ऐकल्याबरोबर बैलाच्या पराणीची आर आठवली. पुढे चार दिवस ती मलाच टोचत होती.

पाड्यापाड्यावर हिंडून भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी कागद भरून आणले. "शीटमध्ये मी भरतो," असे मी आपण होऊन म्हणालो. तक्ता म्हटला की माझ्या अंगात येते. माझे तक्ते साहेब लोक कौतुकाने एकमेकांना दाखवत. वर मधोमध ठळक मथळा, त्याखाली उपमथळा. 'शहापूर' हे नाव एकदाच, वीस ओळींचे चौकोन एकत्र करून त्यात उभे-आडवे मधोमध. जे वरच्या ओळीत तेच खाली असेल तिथे दोन टिंबे. जिथे काही नाही तिथे 'निरंक'. आटलेल्या विहिरींचे चौकोन लाल, आटत आलेल्यांचे पिवळे. माझ्या वाटणीचे सगळे आकडे मराठीच्या अभिमानाने देवनागरीत. शेवटी 'एकूण'. तळाला टीप. तक्ता असा दिसत होता की फ्रेम करून भिंतीवर लावावा.

भाचीने तो 'आर'मध्ये नेला आणि माझ्या कलाकृतीचे पोस्टमॉर्टेम सुरू झाले.

'आर'ने माझा ठळक मथळा हेच पहिल्या रकान्याचे नाव धरले आणि बाकीच्या रकान्यांची नावे तीन टिंबे आणि एक आकडा अशी ठेवली. 'शहापूर' पहिल्या पाड्याला मिळाले, उरलेल्या एकोणीस पाड्यांना तालुकाच नाही, कारण एकत्र केलेल्या चौकोनांत नाव फक्त पहिल्यात राहते, बाकीचे आतून रिकामे असतात. लाल-पिवळे रंग सीमेवरच उतरवून घेतले. रंग डोळ्यांसाठी असतो, तो आत जात नाही. 'आटलेली' हे शब्दांत, वेगळ्या रकान्यात लिहिले असते तर गेले असते. माझे देवनागरी आकडे 'आर'ने अक्षरे समजून बाजूला ठेवले. आणि 'एकूण' नावाचा एक नवाच पाडा जन्माला आला. सर्व पाड्यांची मिळून जेवढी माणसे, तेवढी त्या एकट्या पाड्यात!

तालुके मोजले तर पाच निघाले. आपण तर दोनच तालुके हिंडलो! यादी काढल्यावर कळले : शहापूर दीर्घ, शहापुर ह्रस्व, मुरबाड, मुर्बाड, आणि पाचवा तालुका बिननावाचा. आमच्याकडे ह्रस्वदीर्घाची चूक केली तर फार तर मास्तर रागावतात. तिथे नवा तालुका निर्माण होतो. ठाणे जिल्ह्याची फाळणी होऊन पालघर वेगळा व्हायला २०१४ सालचा ऑगस्ट उजाडावा लागला. मी एका उकारात काम केले.

तीच गत स्वल्पविरामांची. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८. आपण हा आकडा कोटी-लाखांत सरळ वाचतो. तसाच्या तसा अक्षर म्हणून नेला तर 'आर' त्याला आकडाच मानत नाही. एक कोटी दहा लाख माणसे तीन स्वल्पविरामांना अडखळून पडतात.

पण खरी कमाल झाली ती विहिरींच्या गट क्रमांकांत. वाचक हो, तुम्ही शेतकरी असाल नसाल, एकदा शीटमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ एवढे टाइप करून पाहाच. सातबारा! गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा! ज्याच्यासाठी भावाभावांची डोकी फुटली तो सातबारा! बोट बटणावरून उचलायच्या आत त्याचा ७ डिसेंबर होतो. कॉम्प्युटर अमेरिकी वळणाचा असेल तर १२ जुलै. आणि तिथून 'आर'मध्ये जाताना तो ४५९९८ होऊनही निघू शकतो, कारण हे प्रोग्राम तारीख म्हणजे १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतात आणि ७ डिसेंबर २०२५ हा त्यांच्या हिशेबी ४५९९८ वा दिवस. गट क्रमांक १५/२० मात्र वाचतो, कारण विसावा महिना अजून निघालेला नाही. म्हणजे एकाच रकान्यात निम्म्या जमिनी आणि निम्म्या तारखा. त्या पंचांगाची तरी काय शाश्वती? एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख आहे. त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीसचाच होता. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रामातली चूक, जुळवून घ्यायचे म्हणून पुढे चालू ठेवलेली. आमच्या कचेरीतल्या कितीतरी प्रथा अशाच चालू होत्या.

यावर उपाय एकच, आणि तो टाइप करण्यापूर्वी करायचा : त्या रकान्याला आधीच 'टेक्स्ट' म्हणून नेमायचे. नंतर नेमून उपयोग नाही. तोवर मूळ आकडा गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, एका कारकुनाच्या तक्त्याची फजिती, त्यावर एवढा त्रागा कशाला? बरं, मोठ्यांची सांगतो. माणसाच्या काही जनुकांची नावे 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. शास्त्रज्ञांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली. असले रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ साली, तोवर बारसे उरकले होते. त्याच २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळले. कारण काय, तर जुन्या पद्धतीच्या शीटमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेले रुग्ण उभे राहिले बाहेर. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर सांगायचे राहून गेले. शीटने ना आरडाओरडा केला ना घंटा वाजवली.

आणि माझे भांडण नेमके इथे आहे.

लोक म्हणतात, "कॉम्प्युटर चुकला." नवशिक्या पोरापोरींना जाणते लोक म्हणतात, "तुमचा डेटा घाण आहे, साफ करून आणा." नव्या पिढीचे उत्साही म्हणतात, "आता प्रोग्राम सगळं आपोआप ओळखतो." या तिघांशीही माझे पटत नाही. आपोआप ओळखतो म्हणजे काय करतो? अंदाज बांधतो. 'आर'साठी शीट वाचून देणारे एक प्रचलित पॅकेज आहे. आपण काही सांगितले नाही तर ते पहिल्या हजार ओळी बघून अख्ख्या रकान्याचा स्वभाव ठरवते. पोह्यांच्या चवीवरून संसार कसा होईल हे ठरवण्यातलाच प्रकार. आणि घाण म्हणाल तर माझा तक्ता चकचकीत होता. त्याचा चकचकीतपणा हीच त्याची घाण. तो मोजण्यासाठी केलेलाच नव्हता, साहेबाने बघण्यासाठी केलेला होता. आपल्याकडे कचेरीत, कॉलेजात, शाळेत सगळे तक्ते असेच बघण्यासाठी होतात. मोजण्यासाठी तक्ता करायचा तर एका ओळीत एक पाडा, एका रकान्यात एकच गोष्ट, वर नावांची एकच ओळ. बस्स. दिसायला तो अगदी भुक्कड दिसतो. साहेब त्याला भिंतीवर लावणार नाही.

पण कॉम्प्युटर चुकला हे तर मुळीच खरे नाही, आणि ते सांगायला मला आमचा तो मुख्य रकाना उघडावा लागेल : एका खेपेची मिनिटे.

कागदांवर मिनिटे होती, तशीच मी भरली. कुठे १५, कुठे २० मि., कुठे 'दोन तास'. आमच्या हिने मागून डोकावून एवढेच म्हटले, "बरणीवर चिठ्ठी नसली की फोडणीत साखर पडायचीच." मी लक्ष दिले नाही. टोकावड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या म्हातारीने तर आकडा सांगितलाच नव्हता. "पहाटं निघायचं बाय, उन्ह तापल्यावर परत," एवढेच म्हणाली होती. पोरींनी तसेच लिहून आणले, मीही तसेच चौकोनात भरले. शिवाय दोन पाड्यांपुढे माझा लाडका 'निरंक'.

भाचीने 'आर'ला सांगितले, या रकान्याचे आकडे कर. आकडे होते त्यांचे आकडे झाले. 'दोन तास'चा एन. ए. झाला. 'पहाटं'चा एन. ए. झाला. 'निरंक'चाही. आणि लक्षात ठेवा, 'आर' गप्प बसला नाही. खाली इंग्रजीत त्याने स्पष्ट बजावले की जबरदस्तीने आकडे करताना एन. ए. उत्पन्न झाले आहेत. भाचीने सरासरी विचारली. तो हटून बसला : उत्तर एन. ए. एक जरी पाडा ठाऊक नसेल तर सर्वांची सरासरी मी कशी सांगू, असा त्याचा रोखठोक सवाल.

मग भाचीच्या मैत्रिणीने फोनवर एक युक्ती सांगितली. आज्ञेच्या शेपटीला 'एन. ए. काढून टाक' असे जोडायचे. जोडले. उत्तर आले. छान, गोल, साजरे उत्तर. आणि आम्ही दोघांनी हुश्श केले.

मित्रहो, त्या हुश्शमध्ये पाप आहे. समजा पाच पाडे आहेत. चार ठिकाणी खेपेला १०, १५, २०, २५ मिनिटे लागतात आणि पाचव्या ठिकाणी 'दोन तास'. पाचवा काढून टाकला की सरासरी साडेसतरा मिनिटे. पाचव्याचे १२० धरले की अडतीस. तालुक्यातली खेप निम्म्याहून स्वस्त झाली, आणि ती कुणी स्वस्त केली? धरणाने नाही, नळाने नाही, आम्ही. शिवाय जो गळला तो काही चिठ्ठी उडवून गळलेला नाही. जिथे पाणी हाकेवर आहे तिथली बाई चटकन 'दहा मिनिटं' सांगते. जिथे ते डोंगराआड आहे तिथे मिनिटांचा हिशेबच उरत नाही, तिथे पहाट आणि उन्ह उरते. म्हणजे ज्या पाड्याची दशा सगळ्यांत वाईट, तोच पाडा एन. ए. व्हायची शक्यता सगळ्यांत जास्त. मशीन प्रामाणिक होते, त्याचे तोंड आम्ही दाबले. पाणी गाळून घ्यावे हे खरे, पण पाण्याचे आकडे असे गाळू नयेत.

आणि 'निरंक'! या शब्दाविरुद्ध आता मला मोर्चाच काढायचा आहे. निरंक म्हणजे शून्य की माहीत नाही? हातपंप निरंक म्हणजे पाड्यावर पंप नाही, की पंप पाहायला कुणी गेले नाही? शून्य ही माहिती आहे, रिकामा चौकोन ही कबुली आहे. निरंक म्हणजे दोघांमध्ये लपायची जागा. एकतीस वर्षे मी निरंक लिहिले. त्यातले किती खरोखरचे शून्य होते आणि किती वेळा मी गेलोच नव्हतो, हे आज मलाही सांगता येणार नाही. म्हणून सांगतो : नाही तिथे ० लिहा. माहीत नाही तिथे चौकोन कोरा ठेवा आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहा.

नवशिक्यांनी घाबरू नये. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेणारा माणूस शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगरे बघून पैसे मोजत नाही, आधी जबडा उघडून दात बघतो. शीट आत आल्याबरोबर दात बघावेत. 'आर'मध्ये त्यासाठी एस-टी-आर अशी तीन अक्षरी आज्ञा आहे. नाव ऐकून मला ती महामंडळाचीच वाटली, आणि काम जवळपास तेच करते. कंडक्टर जसा गाडीत फिरून डोकी आणि तिकिटे जुळवतो, तशी ही ओळी किती, रकाने किती, कुठल्या रकान्यात आकडे आणि कुठल्यात अक्षरे ते सांगते. कागद जेवढे तेवढ्याच ओळी आहेत का, हे बघावे. मग प्रत्येक रकान्यातली वेगवेगळी नावे काढून पाहावीत, लपलेले तालुके तिथे सापडतात. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहावा, 'एकूण' नावाचा पाडा तिथे सापडतो. एन. ए. किती आणि कुणाकुणाचे, हे नावानिशी पाहावे. तारीख लिहायची तर आधी साल, मग महिना, मग दिवस. एकक रकान्याच्या नावात लिहावे. मूळ शीटला कधी हात लावू नये, नक्कल करून तिच्यावर काम करावे आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे. आणि खाली बारीक अक्षरांत आलेली सूचना वाचावी. ती शिवी नसते. कचेरीत इतकी वर्षे काढून सांगतो, चूक झाल्याबरोबर तोंडावर सांगणारा सहकारी मिळायला भाग्य लागते.

आम्ही तक्ता पुन्हा केला. भुक्कड, एकरंगी, मोजण्याजोगा. 'दोन तास' लिहिणाऱ्या पाड्यांचे १२० केले आणि तसे केल्याचे वहीत नोंदवले. राहिली ती म्हातारी. 'पहाट ते उन्ह' याची मिनिटे घरी बसून ठरवायचा मोह मला झाला होता. भाची म्हणाली, "मामा, अंदाज तुम्हीच बांधायचा असेल तर प्रोग्रामला का नावं ठेवता?"

मुरबाडहून एस. टी. ने निघून रात्री पाड्यावर मुक्काम केला आणि पहाटे म्हातारीच्या मागोमाग निघालो. डोक्यावर दोन हंडे तिच्या, हातात घड्याळ माझ्या, आणि दम लागलेला मलाच. परतलो तेव्हा १३५ मिनिटे झाली होती. ते चौकोनात भरले. शेजारी भाचीने 'शब्दांत' असा एक नवा रकाना काढला आणि त्यात म्हातारीचे वाक्य जसेच्या तसे लिहिले.

मी घड्याळाकडे बघून वेळ टिपतो आहे हे पाहून म्हातारीने विचारले होते, "हे सरकारात जानार का?"

मी सवयीने 'हो' म्हणणार होतो. पण तो चौकोन मी कोराच ठेवला.